२७ हजारांचा उंबरठा: माद्रिदच्या 'देसिदे'चं प्रकरण

फेब्रुवारी २०१७ मध्ये माद्रिदमधल्या घरोघरी महापालिकेचं पाकीट आलं. आत मतपत्रिका होती. शहराच्या मधोमध असलेला प्लाझा दे एस्पान्या हा चौक दोनपैकी कोणत्या आराखड्यानुसार नव्यानं करायचा? ग्रान व्हिया या गजबजलेल्या रस्त्याचे फुटपाथ रुंद करायचे का? मेट्रो असो की बस, सगळ्या सार्वजनिक वाहतुकीला मिळून एकच तिकीट असावं का? आणि पर्यावरणाबाबतचा एक १४ कलमी जाहीरनामा शहरानं आपला म्हणावा का? १३ ते १९ फेब्रुवारी असा आठवडाभर १६ वर्षांवरच्या कोणत्याही नोंदणीकृत रहिवाशाला 'देसिदे माद्रिद' या पालिकेच्या वेबसाइटवर, टपालानं किंवा मतपेटीत मत देता येत होतं. दोन लाखांवर लोकांनी ते दिलं. पात्र रहिवासी २७ लाखांच्या आसपास, म्हणजे मतदान ८ टक्क्यांच्या जवळपास.

आठ टक्के हा आकडा पाहून तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मला त्या आकड्यापेक्षा पुढे काय झालं यात जास्त रस आहे. चौक नवा झाला. फुटपाथ रुंद झाले. पण ज्या तिकिटाला मतदारांनी दणदणीत बहुमत दिलं होतं, ते काही छापलं गेलं नाही. आठवडा तोच, वेबसाइट तीच, मतदारही तेच, आणि तरी एका उत्तराचा रस्ता झाला अन् दुसऱ्याचा नुसता कागद. मतं कमी पडली म्हणून हे घडलं असं म्हणावं तर तिकिटाला मिळालेला कौल चौकापेक्षा कितीतरी एकमुखी होता. मग फरक कशानं पडला, हाच या प्रकरणातला प्रश्न.

आधी थोडं मागे

१५ मे २०११ रोजी माद्रिदच्या पुएर्ता देल सोल या चौकात तरुणांनी तंबू ठोकले. बेकारी, बँकांना दिलेला पैसा आणि चार वर्षांतून एकदा मत घेऊन नंतर पाठ फिरवणारे पक्ष, या सगळ्यांवरच राग होता. त्या आंदोलनात रोज रात्री चौकातच सभा भरायच्या, हात हलवून संमती दाखवायची, बोलायला रांग लावायची. गंमत म्हणजे तिथल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना त्या सभांचा तिटकाराही येऊ लागला होता. पहाटे तीनपर्यंत बसू शकेल त्याचंच मत शेवटी टिकायचं. मूल घरी असलेली बाई, सकाळची पाळी असलेला कामगार आपोआप बाहेर. इंटरनेटवरून निर्णय घेण्याची कल्पना तिथे रुजली ती केवळ तंत्रज्ञानाच्या हौसेपोटी नाही, तर सभांच्या या अनुभवातूनही.

मे २०१५ च्या पालिका निवडणुकीत या वातावरणातून उभ्या राहिलेल्या 'आओरा माद्रिद' या आघाडीला ५७ पैकी २० जागा मिळाल्या. समाजवादी पक्षाच्या ९ जणांच्या आधारावर ७१ वर्षांच्या निवृत्त न्यायाधीश मान्वेला कार्मेना महापौर झाल्या. नागरिक सहभागाचं खातं गेलं पाब्लो सोतो यांच्याकडे. हे गृहस्थ प्रोग्रॅमर. एकमेकांच्या संगणकांवरून गाण्यांची देवाणघेवाण करण्याचं सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं होतं, त्यावरून बड्या संगीत कंपन्यांनी त्यांच्यावर १.३ कोटी युरोंचा दावा ठोकला होता आणि २०११ मध्ये तो दावा सोतो यांनी जिंकला होता. असा माणूस पालिकेत आल्यावर पहिल्या काही महिन्यांत काय करणार? वेबसाइट. सप्टेंबर २०१५ मध्ये 'देसिदे माद्रिद' सुरू झाली. नावाचा अर्थच 'माद्रिद ठरवतं'.

तिच्यामागचं सॉफ्टवेअर म्हणजे 'कॉन्सुल'. ते पालिकेनं पहिल्या दिवसापासून मुक्त ठेवलं, कुणीही उचलावं, बदलावं. बार्सिलोनानं ते उचलून स्वतःची वेबसाइट चालू केली आणि पुढे सगळं नव्यानं लिहून काढलं. ब्यूनोस आयर्स आणि तुरिन या शहरांनी ते वापरलं. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही 'देसिदे'ला मिळाला. वाहवा भरपूर झाली. बाहेरून वाहवा होत असताना आत काय चाललं होतं, ते जरा जवळून बघू.

एका प्रस्तावाचं आयुष्य

समजा, तुम्ही माद्रिदमध्ये राहता आणि तुमच्या मनात शहरासाठी एक कल्पना आहे. वेबसाइटवर खातं उघडायचं, 'प्रस्ताव' या भागात जायचं, शीर्षक द्यायचं, दोन ओळींत सार आणि खाली सविस्तर मजकूर लिहायचा. हवं तर व्हिडिओची लिंक, विषयाच्या दोन-तीन खुणा. झालं. कुठल्या कारकुनाची सही नको, कुठल्या नगरसेवकाची शिफारस नको. लिहिणाऱ्यावर अट जवळपास नाहीच.

पाठिंबा देणाऱ्यावर मात्र आहे. ओळखपत्राचा क्रमांक, जन्मतारीख आणि पिनकोड भरायचा. ही माहिती 'पाद्रोन'शी, म्हणजे रहिवाशांच्या पालिकेकडच्या नोंदवहीशी ताडून पाहिली जाते. मग मोबाइलवर कोड येतो, तो टाकला की तुम्ही खरोखर माद्रिदकर ठरता आणि प्रस्तावाशेजारचं पाठिंब्याचं बटण तुमच्यासाठी जिवंत होतं. नोंदणी असली म्हणजे पुरे, नागरिकत्व विचारलं जात नाही. परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या ज्या माणसाला पालिका निवडणुकीत मत नव्हतं, त्यालाही इथे होतं. ही गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत धाडसी गोष्ट तीच होती.

प्रस्तावाच्या पानावर एक आडवी पट्टी असायची. तीत टक्केवारी दिसायची: किती पाठिंबा मिळाला आणि उंबरठा अजून किती लांब आहे. उंबरठा सुरुवातीला होता १६ वर्षांवरच्या लोकसंख्येच्या २ टक्के, म्हणजे ५३ हजारांच्या घरात. तो कुणालाच गाठता येणार नाही हे लवकर लक्षात आलं आणि तो १ टक्क्यावर, सुमारे २७ हजारांवर आणला. मुदत १२ महिने. मुदतीत उंबरठा ओलांडला की प्रस्ताव सगळ्या शहराच्या मतदानाला जाणार, आणि मतदानात जिंकला की पालिका तो अमलात आणणार.

आता हिशेब करा. वर्षभरात २७ हजार म्हणजे रोज ७४ पाठिंबे, रविवार-सणवार धरून, ३६५ दिवस. निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या पक्षालाही दमछाक होईल असं हे काम आहे. आणि ते करायचंय एकट्या माणसानं, संध्याकाळी कामावरून आल्यावर, ओळखीच्या लोकांना फोन करकरून. पुन्हा पाठिंबा देणाऱ्याला आधी पडताळणीच्या दारातून जायचंय. 'हो, छान आहे' म्हणणाऱ्या दहांपैकी ओळखपत्र शोधून काढणारे दोन-तीनच निघतात, हे कुठल्याही ऑनलाइन फॉर्मचा अनुभव असलेल्याला सांगायला नको.

त्यात गर्दी. प्रस्ताव हजारोंनी आले. एकच कल्पना वेगवेगळ्या शब्दांत दहा-दहा जणांनी मांडलेली, आणि पाठिंबा दहा ठिकाणी विखुरलेला. यादी उघडली की पहिल्या पानावर जे दिसतं तेच वाचलं जातं. पहिल्या दोन-चार दिवसांत प्रस्तावानं उचल खाल्ली नाही तर तो खाली सरकतो, आणि खाली सरकलेल्याकडे पुन्हा कुणाचं लक्ष जात नाही. वर असलेला आणखी वर जातो. यात कुणाचा कट नव्हता, यादीचा स्वभावच तसा असतो. पण परिणाम असा झाला की दार सताड उघडं, आत हजारो माणसं, आणि पलीकडच्या खोलीत जाण्याचा दरवाजा सुईच्या भोकाएवढा.

कार्मेना यांच्या चार वर्षांत त्या भोकातून किती प्रस्ताव पलीकडे गेले? दोन. एकच तिकीट आणि १४ कलमी पर्यावरण जाहीरनामा. बस.

तिकिटाचं काय झालं

तिकिटाची मागणी कुणालाही पटेल अशी होती. माद्रिदमध्ये मेट्रोनं येऊन पुढे बस धरायची तर सुटं तिकीट काढणाऱ्याला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागायचे. मासिक पासवाल्यांना याची झळ नाही; अधूनमधून प्रवास करणाऱ्याला, म्हणजे बऱ्याचदा ज्याची मिळकत अनियमित आहे त्याला, ती बसायची. प्रस्तावात म्हटलं होतं, ठरावीक वेळेत कितीही वाहनं बदला, तिकीट एकच. उंबरठा ओलांडणारा हा पहिल्या दोघांतला एक ठरला यात नवल नाही. मतदानातही दहांतल्या नऊहून अधिक मतदारांनी होकार दिला.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते पाहा. शहरातल्या बस पालिकेच्या कंपनीच्या. मेट्रो प्रदेश सरकारची, म्हणजे आपल्याकडच्या राज्य सरकारासारख्या, पालिकेच्या वरच्या पातळीवरच्या सरकारची. आणि भाडं ठरवणारं वाहतूक मंडळ या दोहोंच्या वर, तेही प्रदेश सरकारच्या अखत्यारीतलं. पालिकेला तिथे खुर्ची आहे, पण बैठकीचा कौल तिच्या हातात नाही. प्रदेशात तेव्हा पालिकेतल्या विरोधी पक्षाचं राज्य होतं. म्हणजे माद्रिदच्या दोन लाखांवर लोकांनी महापौरांना अशी गोष्ट करायला सांगितली जी महापौरांना करताच येत नव्हती. पालिकेनं लोकांची इच्छा मंडळाकडे कळवली. मंडळानं ती ऐकली. २०१९ मध्ये कार्मेना पायउतार झाल्या तोवर ते तिकीट आलं नव्हतं.

इथे प्रदेश सरकारला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण मला चूक अलीकडे दिसते. हे अधिकार कुणाकडे आहेत ते २०१५ मध्येही सगळ्यांना ठाऊक होतं, ती काही गुप्त बातमी नव्हती. तरी नियम असा केला होता की कायदा, व्यवहार्यता आणि खर्च यांचा तांत्रिक अहवाल मतदानानंतर महिनाभरात करायचा. आधी मत, मग तपासणी. वरातीमागून घोडं. यामागे एक भाबडा पण प्रामाणिक विचार होता: अधिकाऱ्यांना आधी तपासायला दिलं तर ते 'नियमात बसत नाही' म्हणून चांगल्या कल्पना जन्मायच्या आधीच मारतील. ही भीती खोटी नाही. कुठल्याही पालिकेत फाइल अडवण्यासाठी 'नियमात बसत नाही' याहून हुकमी वाक्य नाही. पण ती भीती टाळायला गेले आणि लोकांचा वेळ, उत्साह आणि विश्वास अशा दारावर नेऊन आदळला ज्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

मधला मार्ग होता. प्रस्ताव अडवायचा नाही, पण पानावरच ठळक लिहायचं: हा विषय पालिकेच्या हातातला नाही, जिंकलात तर पालिका फक्त तुमच्या वतीनं मागणी करेल. मग लोकांनी ठरवलं असतं, मागणीसाठी मत द्यायचं की नाही. बहुधा तरीही दिलं असतं. पण नंतर फसवल्यासारखं वाटलं नसतं.

आणखी एक कायदेशीर बाब मध्येच सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय चित्र अपुरं राहतं. स्पेनच्या १९८५ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार पालिकेला स्थानिक विषयावर औपचारिक लोकमत घ्यायचं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. त्या वाटेला माद्रिद गेलंच नाही. त्यामुळे 'देसिदे'वरचं कुठलंही मतदान कायद्यानं बंधनकारक नव्हतं. ते पाळण्याचा शब्द पालिकेतल्या सत्ताधाऱ्यांनी दिला होता. शब्द आणि कायदा यांतला फरक सत्ता हातात असेपर्यंत जाणवत नाही.

१४ कलमी जाहीरनाम्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो इतका सर्वसमावेशक होता की त्याला नाही म्हणणं अवघड, आणि 'झाला' असं म्हणणं त्याहून अवघड. अशा प्रस्तावाला पाठिंबा द्यायला काहीच किंमत पडत नाही, म्हणूनच तो उंबरठा ओलांडतो असं मला वाटतं.

चौक मात्र झाला

प्लाझा दे एस्पान्या हे माद्रिदचं भिजत घोंगडं होतं. सर्व्हान्तेसचं स्मारक, पुढ्यात घोड्यावर त्याच्या कादंबरीचा नायक डॉन किहोते आणि गाढवावर सांचो पान्झा, मागे उंच इमारती. पण चौक स्वतः वाहनांनी वेढलेला, पायी जाणाऱ्याला वळसे घालायला लावणारा. इथे पालिकेनं उलटी सुरुवात केली. आराखडा काढून 'कसा वाटतो' असं विचारलं नाही. जानेवारी २०१६ मध्ये वेबसाइटवर एक प्रश्नावली ठेवली, १८ प्रश्नांची. स्मारक हलवावं का? झाडं वाढवावीत की मोकळी जागा? वरून जाणारी वाहतूक जमिनीखाली घालावी का? शेजारच्या बागांशी चौक जोडावा का? २६ हजारांवर लोकांनी ती भरली.

हा आकडा लक्षात ठेवा. २६ हजार म्हणजे प्रस्तावाचा उंबरठा होता साधारण तेवढाच. एका बाजूला एवढी माणसं गोळा करायला वर्षभर नागरिकाची दमछाक, दुसऱ्या बाजूला तेवढीच माणसं पालिकेनं विचारल्यावर आली आणि प्रत्येकानं एका बटणाऐवजी अठरा उत्तरं दिली.

मग या उत्तरांतून निघालेल्या अटी वास्तुरचनाकारांच्या स्पर्धेत घातल्या गेल्या. म्हणजे आराखडा करणाऱ्याला पहिल्याच दिवशी माहीत होतं की लोकांना स्मारक हवंय तिथेच, झाडं हवीत आणि पायी चालणं हवंय. ७० आराखडे आले. ते नावांशिवाय लोकांसमोर ठेवले, तज्ज्ञांच्या मंडळानं निवडत निवडत पाच ठेवले, पाचांचे दोन झाले, आणि ते दोन फेब्रुवारी २०१७ च्या मतपत्रिकेवर आले. जिंकलेल्या आराखड्याचं नाव 'वेलकम मदर नेचर, गुडबाय मिस्टर फोर्ड'. स्पॅनिश राजधानीतल्या स्पेनच्या नावाच्या चौकाला इंग्रजी नावाचा आराखडा! नाव काहीही असो, विरुद्ध आराखडाही ताकदीचा होता आणि मतं बऱ्यापैकी विभागली. एकमत झालं नाही. व्हायला हवंही नव्हतं; दोन्ही आराखडे बांधण्याजोगे होते, तेवढं पुरे होतं.

यातली खोच अशी: लोकांना प्रक्रियेत दोनदा बोलावलं, आणि दोन्ही वेळी त्यांना नेमकं तेच विचारलं जे ते सांगू शकतात. सुरुवातीला 'तुम्हाला या जागेचं काय व्हायला हवं', शेवटी 'या दोनांपैकी कोणतं'. बोगद्याचा उतार किती अंशांचा आणि भूमिगत वाहिन्या कुठून, हे मधल्या टप्प्यात ज्यांचं काम त्यांनी केलं. जागा पालिकेची, पैसा पालिकेचा, परवानग्याही मुख्यतः पालिकेच्या हातातल्या. क्लिक झाल्यावर फाइल कोणाच्या टेबलावर जाणार हे आधीच ठरलेलं होतं. ग्रान व्हियाच्या फुटपाथचंही तेच. प्रश्न विचारला तेव्हाच उत्तर अमलात आणणारा विभाग ठरलेला होता, आणि २०१८ च्या अखेरीस रुंद फुटपाथ लोकांच्या पायाखाली होते.

टीकाकार म्हणतील, हा कसला सहभाग? प्रश्न पालिकेनंच ठरवले. बरोबर आहे. अजेंडा ज्याच्या हातात, त्याच्या हातात निम्मा निर्णय असतो. 'आम्हाला चौक नकोच, तो पैसा पाणीपुरवठ्याला द्या' असं म्हणायची सोय त्या मतपत्रिकेवर नव्हती. प्रस्तावांचा भाग नेमका हीच उणीव भरून काढण्यासाठी होता, आणि तोच अडला, हे या प्रकरणातलं दुखणं.

पैसे वाटून घेण्याचा पडदा

या दोन टोकांच्या मधे एक तिसरी गोष्ट होती, आणि 'देसिदे'मध्ये मला सर्वांत शहाणपणाची तीच वाटते: सहभागी अंदाजपत्रक. २०१६ मध्ये ६ कोटी युरो, २०१७ पासून वर्षाला १० कोटी युरो लोकांच्या निवडीसाठी बाजूला काढले. एकूण अंदाजपत्रकाच्या मानानं हिस्सा लहान, पण खरा पैसा. त्यातला काही संपूर्ण शहरासाठी, बाकीचा शहराच्या २१ विभागांत वाटलेला.

मतदाराला वेबसाइटचा पडदा कसा दिसायचा ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे. एक गट सबंध शहराचा आणि दुसरा कुठल्याही एका विभागाचा, निवड तुमची. राहता तोच विभाग पाहिजे असं नाही. प्रत्येक कामापुढे त्याचा खर्च लिहिलेला. वर एक पट्टी: एवढे पैसे आहेत, एवढे तुम्ही वापरले, एवढे उरले. एक काम घेतलं की पट्टी भरते. उरलेल्या रकमेत न बसणारं काम घ्यायला गेलात तर पडदा घेऊ देत नाही. आधी निवडलेलं काहीतरी परत ठेवावं लागतं. म्हणजे क्रीडांगण हवं असेल तर सायकलमार्ग सोडा, किंवा दोन लहान बागा सोडा. 'सगळंच हवं' हे वाक्य त्या पडद्यावर उच्चारताच येत नाही. नुसत्या पाठिंब्याच्या बटणात ही शिस्त नसते.

आणि इथे तपासणी आधी होती. सूचना आल्या, लोकांनी पाठिंब्यानं चाळल्या, मग अधिकाऱ्यांनी प्रत्येक उरलेल्या कामाची व्यवहार्यता आणि किंमत काढली. बाद केलं तर कारण लिहून, सगळ्यांना दिसेल असं. 'जागा पालिकेची नाही', 'हे प्रदेश सरकारचं काम' अशी कारणं वाचून माणसं चिडली असतील, पण त्यांना मतदानाआधी कळलं. पहिल्या वर्षी सुमारे ४५ हजार लोक सामील झाले, दुसऱ्या वर्षी ६७ हजारांच्या आसपास, तिसऱ्या वर्षी ९१ हजारांच्या. दरवर्षी वाढणारा हा आकडा मला त्या आठ टक्क्यांपेक्षा बोलका वाटतो. माणसं दुसऱ्यांदा येतात ती पहिल्यांदा काही झालेलं दिसलं तर.

अर्थात सगळं गोडगोड नव्हतं. मंजूर झालेली कामं रखडली. निविदा, ठेकेदार, विभागाविभागांतली टोलवाटोलवी, वर्ष संपलं की निधीची उलाढाल. वेबसाइटवर प्रत्येक कामापुढे त्याची अवस्था लिहिलेली असायची आणि कित्येकांपुढे वर्षानुवर्षं तेच शब्द. मतदान आठवड्यात उरकतं; गटार वळवायला मात्र तेच जुनं खातं, तीच जुनी माणसं लागतात आणि त्यांची संख्या काही वाढवलेली नव्हती. मतं गोळा करणारा विभाग नवा, तरुण, उत्साही. कामं करणारे विभाग पूर्वीचेच, आणि आता त्यांच्या माथी आणखी शेकडो लहान कामं येऊन पडलेली. त्यांचं वैतागणं मला समजू शकतं.

नाराज आणखीही कुणी होतं. मोहल्ल्यांतल्या जुन्या रहिवासी संघटना. दशकानुदशकं शाळा, दिवाबत्ती, घरं यांसाठी भांडलेली ही माणसं. वेबसाइटवर त्यांच्या अध्यक्षाचं मत आणि काल खातं उघडलेल्या पोराचं मत सारखंच. तत्त्व म्हणून हे बरोबर. पण संघटनेकडे असलेली माहिती, वाटाघाटीची सवय, पाठपुराव्याची चिकाटी बटणात उतरत नाही. तिकिटाच्या मतदानानंतर मंडळाच्या दारात महिनोन् महिने बसायला कुणीतरी हवं होतं. बटण दाबणारे दोन लाख लोक एकमेकांना ओळखतही नव्हते.

४९ माणसं

सोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंबरठ्याचं कोडं कळलं नव्हतं असं नाही. २०१९ च्या सुरुवातीला त्यांनी त्यावर उपाय काढला. 'शहराची वेधशाळा' अशा नावाचं एक मंडळ. सदस्य ४९, चिठ्ठ्या टाकून निवडलेले सर्वसाधारण रहिवासी, वय, लिंग आणि राहण्याचा भाग यांचा तोल सांभाळून. त्यांनी ठरावीक काळानं बसायचं, वेबसाइटवर सर्वाधिक पाठिंबा असलेले प्रस्ताव घ्यायचे, अधिकाऱ्यांना आणि जाणकारांना बोलावून प्रश्न विचारायचे, आणि यातला कोणता प्रस्ताव शहराच्या मतदानाला न्यावा ते ठरवायचं. २७ हजारांची अट इथे नाही. प्रस्ताव सर्वांत वर पोचला की कुणीतरी तो बसून वाचणार, याची हमी.

माझ्या मते गेल्या काही दशकांत पालिकांनी जे प्रयोग केले त्यांतला हा एक सर्वांत विचारपूर्वक केलेला होता. गर्दीनं चाळायचं, मूठभरांनी तपासायचं, पुन्हा सगळ्यांनी ठरवायचं. बटणाला जे जमत नाही ते, म्हणजे 'हे कोणाच्या हातात आहे' हा प्रश्न विचारणं, टेबलाभोवती बसलेल्या ४९ माणसांना सहज जमलं असतं. तिकिटाचा प्रस्ताव त्यांच्यासमोर आला असता तर पहिल्याच बैठकीत वाहतूक मंडळाच्या माणसाला बोलावलं गेलं असतं.

पहिली बैठक मार्चच्या शेवटी भरली. मेमध्ये निवडणूक आली. कार्मेना यांची नवी आघाडी १९ जागा घेऊन पहिल्या क्रमांकावर राहिली, पण उजवीकडच्या तीन पक्षांची बेरीज जास्त झाली आणि जूनमध्ये होसे लुईस मार्तीनेझ-आल्मेइदा महापौर झाले. २०२० च्या सुरुवातीला वेधशाळेचं रूप बदललं: चिठ्ठीनं निवडलेल्या रहिवाशांच्या जागी पालिकेचे पदाधिकारी आणि अधिकारी. एका ठरावात. तिच्या नियमावलीवर कितीही महिने घालवले असोत, ती पालिकेच्याच बहुमतानं केलेली होती आणि पालिकेच्याच बहुमतानं पुसता आली. 'देसिदे' वेबसाइट बंद झाली नाही. सहभागी अंदाजपत्रकही काही काळ थांबून पुन्हा सुरू झालं, पूर्वीपेक्षा कमी रकमेचं.

चौकाचं काम मात्र मध्ये थांबलं नाही. ते २०१९ मध्येच सुरू झालं होतं, ठेके दिले गेले होते. खोदताना जुन्या राजवाड्याचे अवशेष सापडले, त्यात काही काळ गेला. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी प्लाझा दे एस्पान्या लोकांसाठी खुला झाला. कार्मेना यांच्या काळात लोकांनी निवडलेला तो आराखडा, शेकडो नवी झाडं, स्मारक जागच्या जागी, वाहनं जमिनीखाली. लोकार्पण केलं महापौर आल्मेइदा यांनी.